किडनी ट्रान्सप्लांटनंतर कोल्हापुरात राहताना: गोळ्या, ताप आणि परत ॲडमिट व्हायची तयारी

डिस्चार्ज मिळाला की घरातले सगळे म्हणतात सुटलो एकदाचे. पण पहिल्या वर्षात परत ॲडमिट व्हायची वेळ बऱ्याच जणांवर येते, कधी ताप, कधी जुलाब, कधी क्रिएटिनिन (किडनी किती काम करते हे सांगणारा रक्तातला आकडा) वाढलं म्हणून, आणि ॲडमिट झालं म्हणजे किडनी गेली असं नसतंय, लवकर गेलं तर बहुतेक वेळा सावरतंय. माझ्या भावाचं ऑपरेशन पुण्यात झालं आणि आम्ही राहतो कोल्हापुरात, सव्वादोनशे किलोमीटरच्या वर अंतर, त्यामुळं आमच्यासारख्यांना तयारी आधीच करून ठेवायला लागते.

पहिली गोष्ट गोळ्यांची वेळ. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवीन किडनी नाकारू नये म्हणूनची गोळी, दिवसातून दोनदा असेल तर बारा तासांचं अंतर पाळायचं, आमच्याकडं सकाळी आठ आणि रात्री आठ, मोबाईलला अलार्म, मग लग्नात असू दे नाहीतर अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत. रक्तातली टॅक्रोलिमसची लेव्हल तपासायची असेल त्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची नाही, स्ट्रिप खिशात टाकून लॅबला जायचं आणि रक्त दिल्या दिल्या तिथंच पाण्याबरोबर घ्यायची. आधी गोळी घेतली तर रिपोर्ट चुकीचा येतो आणि त्यावर डोस बदलला जाऊ शकतो. मेडिकलवाले म्हणतात 'कंटेंट तोच आहे', पण कंपनी बदलायची असेल तर आधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारा.

अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अजिबात नको. बुरशीसाठी फ्लुकोनाझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तर टॅक्रोची लेव्हल चढते, टीबीच्या रिफॅम्पिसिननं धाडकन उतरते, म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडं गेलं की आधी गोळ्यांची यादी दाखवायची. पाहुणे प्रेमानं गुळवेलीचा काढा, इम्युनिटी वाढवायची पावडर आणतात, ती हात जोडून परत करा, कारण शरीरानं नवीन किडनी नाकारू नये म्हणून आपण प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते.

खाण्यात, गंगावेशीतलं धारोष्ण दूध आता बंद, घरी नीट उकळलेलंच घ्यायचं. कच्ची मोड आलेली मटकी, गाड्यावरची कापून ठेवलेली फळं नकोत. पपनस तर अजिबात नको, लेव्हल वाढू शकते. तांबडा-पांढरा घरचा ताजा, गरम असेल तर चालतो का हे डॉक्टरांना विचारा, मिठाचा प्रश्न असतोच, आणि पोटॅशियम जास्त असेल तर शहाळंही बंद.

आता तापाबद्दल. रोज सकाळी वजन, बीपी, टेंपरेचर वहीत लिहायचं. 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेलं, लघवी कमी झाली, एका दिवसात किलोभर वजन वाढलं, नवीन किडनीच्या जागी दुखलं, उलटी-जुलाबानं गोळ्या टिकेनात, यातलं काही झालं की लगेच फोन. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देऊन उद्या बघू म्हणायचं नाही, ते मला फार धोक्याचं वाटतं, कारण या गोळ्यांवर असणाऱ्याचं इन्फेक्शन बाहेरून फारसं दिसत नाही पण आत वेगानं वाढतंय.

बॅग कायम भरलेली असू दे: डिस्चार्ज कार्ड, शेवटचे रिपोर्ट, गोळ्यांची यादी, आणि आठवडाभराच्या गोळ्या, कारण वॉर्डच्या फार्मसीत आपल्या कंपनीच्या असतीलच असं नाही. कॅज्युअल्टीत पोचल्या पोचल्या पहिलं वाक्य 'ट्रान्सप्लांट पेशंट आहे'. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शीर जोडून केलेल्या जागेच्या) हाताला सलाईन, बीपीचा पट्टा लावू द्यायचा नाही. वॉर्डात औषधाची ट्रॉली कधी कधी दहाला येते, तेव्हा आठची गोळी वेळेवर मिळायला हवी हे नर्स ताईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. भेटायला गल्ली लोटते, त्यांना बाहेरूनच चहा पाजून पाठवा, राग येऊ दे.

आणि पावसाळा. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि पुण्याची वाट बंद पडली. म्हणून जून संपायच्या आत निदान तीन आठवड्यांच्या गोळ्या घरात हव्यात, आणि कोल्हापुरातला कुठला नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचा डॉक्टर) इमर्जन्सीला बघणार हे पुण्याच्या डॉक्टरांना विचारून, त्यांना एकदा फाईल दाखवून, नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.