वेल्डिंग मशीन घ्यायचंय? आधी सॉकेटला मीटर लावा

अण्णांच्या वर्कशॉपमध्ये कित्येक वर्षं एकच वेल्डिंग मशीन होतं. तेलात बुडवलेला ट्रान्सफॉर्मर, खाली चाकं, आणि ती चाकं असूनही हलवायला दोन माणसं. काम माझ्याकडे आलं तेव्हा मी पहिली खरेदी केली ती एका हातात उचलता येईल अशा इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणाऱ्या) मशीनची. समोर ठळक अक्षरात '२५०'. पहिल्याच आठवड्यात ट्रॉलीचा हुक आला. ३.१५ मिमी जाडीचा रॉड लावला. दोन रॉड झकास गेले, तिसरा अर्ध्यावर असताना मशीन तापल्याचा पिवळा दिवा लागला आणि आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची झगझगीत ज्योत, गुल. पंखा घरघरतोय, मी काच वर करून बसलेली. अण्णा खुर्चीतूनच म्हणाले, "मागची पाटी वाचली होतीस का गं?"

नव्हती वाचली.

म्हणून आता कुणी "शेतीच्या कामाला कुठलं मशीन घेऊ?" असं विचारलं की मी कंपनीचं नाव सांगत नाही. उलट विचारते: तुमच्याकडे तुटतं काय, तुटतं कुठे, आणि तिथल्या सॉकेटमधून खरोखर मिळतं किती?

तुटतं काय, हे आठवून एका कागदावर लिहाच. माझ्याकडे येणारा माल साधारण असा: ट्रॉलीच्या फाळक्याचे बिजागर, कल्टिव्हेटरच्या फणाची पकड, नांगराच्या फ्रेमला गेलेली चीर, फाटकाचा चौकोनी पाइप, कधीतरी मडगार्डचा पत्रा. पत्रा सोडला तर बहुतेक सगळं ३ ते १२ मिमी जाडीचं साधं लोखंड. त्यावर गंज, रंग, ग्रीस, वाळलेला चिखल. अशा कामाला रॉडचं मशीन हेच पहिलं मशीन. गंज घासायचा तो घासायचाच, पण जरा कमीजास्त राहिला तर रॉड सांभाळून घेतो. तारेचं मशीन (रॉडऐवजी रिळावरची तार वितळवणारं) तिथं टाक्यात लगेच भोकं दाखवतं.

रॉडवरून अँपिअर ठरतात. २.५ मिमीच्या रॉडला ६० ते ९०, ३.१५ ला ९० ते १३०, ४ मिमीला १४० ते १८०. जाड प्लेट म्हटली की लोक ४०० अँपिअरच्या मशीनकडे बघायला लागतात. १२ मिमीची प्लेट एका दमात भरायला कुणी सांगितलंय? कडा ग्राइंडरने तिरक्या करायच्या, तळात एक बारीक पास (वेल्डचा थर), खपली, म्हणजे रॉडच्या लेपाचं वर जमलेलं कडक कवच, पूर्ण काढायची, वरून दोन-तीन पास. १२० अँपिअरवर हे होतं. वेळ जास्त जातो, पण दुरुस्तीला दिवसाला अशा किती प्लेटा येतात? ४ मिमीचा रॉड वापरायची वेळ माझ्यावर महिन्यातून एखाद्वेळी येते.

आता ती पाटी. मशीनच्या मागे किंवा बाजूला एक चौकट असते, बारीक अक्षरांची. त्यात इंग्रजी 'एक्स' अक्षरापुढे टक्के दिलेले असतात आणि त्याखाली अँपिअर. हे टक्के म्हणजे दहा मिनिटांपैकी किती वेळ मशीन आर्क चालू ठेवू शकतं. ६० टक्के म्हणजे सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती, आणि तेही भोवतालची हवा ४० अंशांची धरून. माझ्या त्या '२५०' वाल्याच्या पाटीवर होतं: २० टक्क्यांना १६०, ६० टक्क्यांना ९२, १०० टक्क्यांना ७२. म्हणजे २५० हे मॉडेलचं नाव होतं. अँपिअरशी त्याचा संबंध नव्हता.

हिशोब करून बघा. अँपिअरच्या वर्गाला टक्क्यांनी गुणलं की एकाच मशीनसाठी उत्तर जवळजवळ सारखंच येतं. १६० ला २० टक्के मिळतात, तर १२० ला साधारण ३५. म्हणजे दहा मिनिटांत साडेतीन मिनिटं. ३.१५ चा एक रॉड सव्वा ते दीड मिनिटात जळतो. दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा! दिवा अगदी वेळेवर लागला होता, चूक मशीनची नव्हतीच.

तुम्ही रोज ज्या अँपिअरवर काम करणार, तो आकडा पाटीवर ६० टक्क्यांच्या रकान्यात दिसला पाहिजे. ३.१५ चा रॉड रोजचा असेल तर तिथं १३० ते १५० बघा. हाताने वेल्डिंग करताना रॉड बदलणं, खपली ठोकणं, वाकून बघणं यात विश्रांती आपोआप मिळते, त्यामुळे १०० टक्क्यांच्या मागे लागून पैसे घालवू नका. पाटीवर टक्के छापलेलेच नसतील तर ते मशीन जागेवर ठेवून या.

दुसरं, सॉकेट. याकडे कुणी बघत नाही आणि निम्म्या तक्रारी इथल्या असतात. काम जिथं करणार त्या सॉकेटला मल्टिमीटर लावा. काही चालू नसताना समजा २३२ व्होल्ट दिसले. आता त्याच सॉकेटवर २००० वॅटचा हीटर लावा. आकडा २२१ वर आला, तर नऊ अँपिअरला ११ व्होल्ट पडले. ३.१५ चा रॉड १२० अँपिअरवर चालवणारं साधं इन्व्हर्टर मशीन सॉकेटमधून साधारण २२ अँपिअर ओढतं. म्हणजे २७ व्होल्ट पडतील आणि मशीनला मिळतील २०५. चालेल. पण आकडा हीटरलाच २०५ वर येत असेल, तर आधी वायरिंग बघा. नाहीतर १६०-१७० व्होल्टपर्यंत चालणारं, रुंद इनपुटचं मशीन शोधा. सॉकेट आणि ब्रेकरही तेवढा करंट सोसणारे हवेत. घरातल्या साध्या प्लगवर मशीन लावून ब्रेकर पडतो म्हणून तो बांधून ठेवणारा माणूस मी पाहिलाय. तसलं काही करू नका.

लांब वायरीचंही तेच. ५० मीटर लांबीची, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर २२ अँपिअरला १५ व्होल्ट खाते, दीडची पंचवीसपेक्षा जास्त. वर ती रिळावर गुंडाळलेलीच ठेवली तर तापून चिकटते. त्यापेक्षा मशीन सॉकेटजवळ ठेवा आणि होल्डरची नि अर्थची केबल जाड घेऊन लांब करा, १५० अँपिअरला २५ चौरस मिमी पुरते. मशीनवरचं केबलच्या पिनेचं भोक जाड पिनेचं आहे ना, तेही बघून घ्या. बारीक पिना १४० च्या वर गेलं की तापतात.

जनरेटरवर चालवायचं असेल तर ५ ते ६ केव्हीए धरा. वरचाच रॉड, वरचेच अँपिअर, आर्कला साधारण २५ व्होल्ट: ३ किलोवॅट आर्कमध्येच गेले. मशीनमध्ये वाया जाणारी वीज आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरोखर कामाला येणारा वाटा) धरला की पाचच्या आसपास येतं. ३ केव्हीएचा जनरेटर २.५ च्या रॉडला कसाबसा साथ देतो, पुढे धापा टाकतो. व्होल्टेज स्थिर ठेवणारं एव्हीआर नसलेल्या जनरेटरवर मी इन्व्हर्टर मशीन लावत नाही. रॉड उचलला की त्याचा व्होल्टेज उसळतो आणि कार्ड जातं.

ट्रान्सफॉर्मर की इन्व्हर्टर? अण्णांचा ट्रान्सफॉर्मर अजून चालतो, त्यात जळण्यासारखं कार्डच नाही. पण तो एसी देतो, ६०१३ च्या साध्या रॉडवर खूश असतो आणि ७०१८, म्हणजे जास्त दणकट टाक्याचा रॉड, लावला की नुसता चिकटतो, कारण अशा जुन्या मशीनचा रिकामा (आर्क पेटण्याआधीचा) व्होल्टेज कमी पडतो. नांगराची फ्रेम, हुक, अॅक्सलजवळचं ब्रॅकेट अशा दणके खाणाऱ्या जागी मला ७०१८ च हवा असतो (तोही कोरडा, दमट रॉडने काम करणार असाल तर ६०१३ बरा). इन्व्हर्टर डीसी देतो, आर्क शांत असतो, पातळ पाइपावरही हात बसतो. नवं घेणाऱ्याला मी इन्व्हर्टरच सांगेन, मात्र तो धुळीचा शत्रू आहे हे लक्षात ठेवून. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे लोखंडाचा भुगा. पंखा तो आत ओढतो आणि कार्डावर बसवतो. ग्राइंडरचं तोंड मशीनकडे नको. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून, दहा मिनिटं थांबून, कव्हर उघडून कोरड्या हवेने झटका. थांबायचं अशासाठी की आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले असतात. माझ्या एका मशीनमध्ये पाल निघाली होती, कार्डासकट भाजलेली.

उघड्यावर काम असेल तर पाटीवर 'आयपी २३' बघा, तिरक्या पावसाच्या थेंबांपासून तेवढं संरक्षण असतं. २१ असेल तर ते छपराखालचं मशीन. ओल्या जमिनीवर काम करणाऱ्याने व्हीआरडी असलेलं घ्यावं. रॉड टेकत नाही तोवर ते होल्डरवरचा व्होल्टेज कमी ठेवतं. हॉट स्टार्ट (रॉड पेटताना जादा करंट) आणि आर्क फोर्स (रॉड चिकटायला लागला की जादा करंट) कामाची सोय, बाकी रंगीत डिस्प्लेचं कौतुक नको.

तारेचं मशीन, म्हणजे मिग, दुसरं मशीन म्हणून घ्या. १ मिमीचा पत्रा किंवा शेडमध्ये एकाच मापाची वीस फाटकं असतील तर त्यासारखं काही नाही. उघड्यावर मात्र जरा वारा सुटला की टाक्याला हवेपासून जपणारा गॅस उडतो आणि टाक्यात जाळी पडते. गॅसविना चालणारी फ्लक्सची तार वापरायची असेल, तर आत तारेच्या रिळाजवळ प्लस-मायनस बदलता येतात का ते आधी बघा, कारण त्या तारेला टॉर्च मायनसवर लागते. स्वस्त मशीनमध्ये ही सोय नसते. आणि 'टिगही होतं' (टिग म्हणजे टंगस्टनच्या टोकाने, गॅसखाली केलेलं वेल्डिंग) हे ऐकून अॅल्युमिनियमची स्वप्नं बघू नका. त्याला एसी टिग लागतं, डीसीवर ते होत नाही.

पैसे देण्याआधी मशीन चालवून बघा, आपले रॉड आणि आपलाच गंजका तुकडा घेऊन. ३.१५ चे तीन रॉड सलग जाळा. मग ७०१८ चा अर्धा जळलेला रॉड पुन्हा पेटतो का ते बघा, चांगल्या मशीनवर टोकाची खपली झटकली की पेटतो. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर डिस्प्लेवर १२० असताना केबलमधून किती जातात तेही कळेल. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, तो इथं शून्य दाखवेल. सोबत येणारा होल्डर आणि अर्थची चिमटी बहुतेक वेळा फेकण्याच्या लायकीची असते. तेवढे पैसे बाजूला ठेवा.

ट्रॅक्टरवर काम करताना बॅटरीची वायर काढा आणि अर्थ टाक्याच्या शेजारीच लावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पाडतो. हे मशीन कितीही महागडं असलं तरी होतं.

ते '२५०' अजून आहे माझ्याकडे. फाटकांना टाके मारायला ठेवलंय, २.५ चा रॉड, नॉब ७२ वर. दिवसभर चालतं, पिवळा दिवा काही लागत नाही.