सहाही निबंध पक्ष्यांवरच? कॉलेजच्या अर्जासाठी विषय कसे निवडावेत

मागच्या वर्षी सोलापूरची, बारावीतली एक मुलगी परदेशी कॉलेजांच्या अर्जाचे सहा निबंध घेऊन माझ्याकडे आली. सहाही पक्ष्यांवर. नान्नजचा माळढोक, हिप्परग्याची बदकं, कंबर तलावाचे बगळे... तिसऱ्या निबंधानंतर मी नुसतीच पानं उलटत होतो. एकच आवड असणं काही वाईट नाही. पण शेंगाचटणी कितीही आवडली तरी पाहुण्याच्या ताटात आपण नुसती चटणी वाढत नाही.

आधी सगळे प्रश्न एका कागदावर उतरवून काढा. अमेरिकेच्या कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंत असतो, वर बरीच कॉलेजं आपापले प्रश्न विचारतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाला आठांपैकी चार प्रश्नांची उत्तरं लागतात, प्रत्येकी ३५० शब्दांत. ब्रिटनमध्ये अर्ज यूकॅस या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात, तिचा मामला वेगळा. तिथे ज्या विषयाला प्रवेश हवा त्यावरच बोलायचं असतं, म्हणजे एकमार्गी मुलांची तिथे सोयच आहे.

मग उपक्रमांची यादी भरा, निबंधांच्या आधी. कॉमन ॲपमध्ये दहा उपक्रम मावतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. किती वर्षं निरीक्षण केलं, किती पक्षी नोंदवले, हे तिथे सांगून झालं की निबंधात परत नको.

यानंतरचं काम वेळखाऊ आहे. आवडीच्या आजूबाजूला कोण आहे, काय आहे, ते खणून काढायचं. मी तिला विचारलं, "पहाटे हिप्परग्याला तुला सोडतं कोण?"

"आजोबा. लूनावरून."

आजोबांचा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला, आता त्यांना फार कमी ऐकू येतं. टिटवी ओरडली की ही त्यांच्या तळहातावर बोटांनी तो ठेका वाजवून दाखवते. सहा निबंधांत याचा एक शब्द नव्हता! मुख्य निबंध तोच झाला. पक्षी त्यात आहेत, पण वाचणाऱ्याला भेटते ती ही मुलगी.

माळढोक 'हाच विषय का शिकायचा' या प्रश्नाला दिला. विजेच्या तारांना धडकून हे पक्षी मरतात, आणि तिला शिकायचंय पर्यावरणशास्त्र. जोडी आपसूक जमली.

एक तरी निबंध आवडीच्या पूर्ण बाहेरचा ठेवा. हिच्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी. शेजारच्या विडी वळणाऱ्या बायकांचे बँकेचे फॉर्म हीच भरून देते. "त्यात काय लिहायचं, सर?" म्हणाली. समाजाबद्दलच्या प्रश्नाला तेच लिहायचं. पण अर्जापुरती नवी आवड चिकटवू नका, दोन ओळींत उघडी पडते.

शेवटी एक चाचणी. प्रत्येक निबंधातली पक्ष्यांची माहिती पेन्सिलीने खोडा. उरलेला मजकूर दुसऱ्या कुणाही पक्षीवेड्या मुलाच्या नावावर खपत असेल, तर तो विषय बाजूला ठेवा.

कंबर तलावाचा निबंध यातच गेला. भाषा त्याचीच सगळ्यात देखणी होती, आणि त्यावरून ती अजून माझ्यावर रुसलेली आहे.