पॉइंट तोच, पण समोर काहीच दिसत नाही? या चुका टाळा

मे महिन्यात उत्तराखंडातल्या कौसानीला जाऊन आलेल्यांची तक्रार ठरलेली असते: फोटोत त्रिशूळ शिखर दिसतं, प्रत्यक्षात नुसता धुरकट पडदा. हॉटेलवाला सांगतो, ‘कालच दिसत होतं.’ कारण साधं आहे. उन्हाळ्यात मैदानातली धूळ वर चढते, त्यात चीडच्या जंगलांतल्या वणव्यांचा धूर मिसळतो आणि 7,120 मीटरचं त्रिशूळ कित्येक दिवस गायब राहतं. आपल्या सहली शाळेच्या सुट्टीवर बेतलेल्या, म्हणून मराठी घरांत ही चूक वर्षानुवर्षं होतेय. हिमालय लांबून बघायचा असेल तर पावसाने हवा धुऊन काढल्यावर जा. ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर, म्हणजे दिवाळीची सुट्टी. तेव्हाही बघायचं ते सकाळीच. दहा-अकरानंतर शिखरांवर ढग जमू लागतात.

दिवाळीचा नियम सगळीकडे लावू नका

त्याच दिवाळीत तमिळनाडूतल्या कोडाईकनालला गेलात तर ईशान्य मोसमी पाऊस गाठतो आणि पिलर रॉक्सच्या सुळक्यांसमोर तुम्ही, रेलिंग आणि धुकं एवढेच उरता. तिथे जानेवारी-फेब्रुवारी बरा. कच्छचं पांढरं रण दिवाळीत बऱ्याचदा ओलंच असतं. पावसाचं पाणी आटून मीठ वर यायला डिसेंबर उजाडतो. त्यानंतर तिथल्या काळो डुंगर या टेकडीवरून खाली बघाल तर पांढरा पट्टा क्षितिजापर्यंत गेलेला दिसतो. वर दत्ताचं देऊळ आहे आणि तिथला प्रसाद आधी कोल्ह्यांना घालायची प्रथा आहे, तीही चुकवू नका.

मेघालयातल्या सोहऱ्याला, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातल्या चेरापुंजीला, पेच वेगळाच. भर पावसाळ्यात नोहकालिकाई धबधब्याला पाणी भरपूर, पण दिसेलच याची खात्री नाही. हिवाळ्यात लख्ख दिसतो, पण 340 मीटरवरून जेमतेम एक धार उतरते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा त्यातला मधला मार्ग.

घड्याळ मुंबईचं, सूर्य दार्जिलिंगचा

देशभर वेळ एकच, पण सूर्य काही तसा चालत नाही. दार्जिलिंगला तो मुंबईपेक्षा साधारण तासभर आधी उगवतो, मे महिन्यात त्याहूनही आधी. डिसेंबरात पाचच्या आतच मावळतो, त्यामुळे ‘चहा घेऊन पाचला निघू’ म्हणणाऱ्यांना अंधारच मिळतो. गूगलवर त्या गावाची त्या दिवसाची सूर्योदयाची वेळ बघा आणि किमान पाऊण तास आधी पॉइंटवर हजर राहा.

दार्जिलिंगच्या टायगर हिलवर आणखी एक गंमत बघायला मिळते. सगळी गर्दी पूर्वेकडे मोबाइल धरून सूर्याची वाट बघत असते आणि तेवढ्यात डावीकडे, उत्तरेला, कांचनजंगेचं टोक लाल व्हायला लागतं. सूर्य आपल्याला दिसायच्या आधीच उन्हाचं पहिलं बोट तिथे टेकलेलं असतं. मग तो रंग उतारावरून खाली सरकतो, केशरी होतो, पिवळा होतो आणि काही मिनिटांतच उरतो नेहमीचा पांढरा बर्फ. सूर्य तर घरच्या गच्चीवरूनही दिसतो, त्यामुळे पूर्वेकडे पाठ फिरवली तरी चालेल. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला दूरवर एव्हरेस्टचं टोकही दिसतं. पण त्या रांगेत जे उंच वाटतं त्याला एव्हरेस्ट समजू नका, ते मकालू शिखर. ते जवळ आहे म्हणून मोठं दिसतं.

दिशेचा घोळ महाबळेश्वरलाही होतोच. विल्सन पॉइंट सूर्योदयाचा, मुंबई पॉइंट सूर्यास्ताचा, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ऑर्थर सीटला लोक भल्या सकाळी पोहोचतात, तेव्हा सावित्रीचं खोरं अजून डोंगराच्या सावलीत काळंभोर असतं. ऊन खाली उतरेपर्यंत थांबा किंवा मुळात उशिरा जा. सकाळ केट्स पॉइंटला द्या, तो पूर्वेकडे कृष्णेच्या खोऱ्यावर उघडतो.

वर पोहोचलात आणि सगळं पांढरं?

आधी ढग कसला आहे ते बघा. हिवाळ्यात दरीत साचलेलं धुकं ऊन चढलं की विरतं, तासाभराने चित्र बदलू शकतं. पावसाळ्यात मात्र ढग माथ्यावरच बसलेला असतो. तो हलायची वाट बघत कणसं खाण्यापेक्षा खाली उतरा. महाबळेश्वरला काही दिसत नसताना आंबेनळी घाटात थोडं उतरलं की ढगाखालून अख्खी हिरवी दरी दिसते, असं कितीदा तरी होतं. एक पॉइंट, एक सकाळ असा कार्यक्रम आखू नका. हिमालयात एका जागी निदान दोन मुक्काम हवेत.

लेहला घाई नको

बाकीच्या चुकांनी फक्त फोटो हुकतो, इथे जीवावर बेतू शकतं. विमानाने थेट 3,500 मीटरवरच्या लेहला उतरून दुसऱ्याच दिवशी 5,300 मीटरच्या वरची खारदुंग ला खिंड गाठायचा बेत टूरवाल्याने दिला, तर तो बदलून घ्या. पहिले दोन दिवस गावातच काढा, जिने-चढ बेताने चढा, पाणी पीत राहा. डोकेदुखी आणि मळमळ वाढत असेल तर ‘एवढं आलोय तर’ म्हणत पुढे जायचं नाही, खाली उतरायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. तब्येत ठीक असली तरी खिंडीत फार वेळ रेंगाळू नका: पाटीजवळ फोटो काढला की गाडीत बसा.