अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्स आणि दारू: या चुका टाळा

व्हर्जिनिया-मेरीलँड साईडला डिफेन्सच्या कामात आपली बरीच मंडळी आहेत, सिटिझनशिप झाली की कंपनी क्लिअरन्ससाठी, म्हणजे सरकारी गुप्त माहिती हाताळायच्या परवानगीसाठी, स्पॉन्सर करते आणि मग तुमची सगळी मागची माहिती विचारणारा एसएफ ८६ नावाचा तो मारुतीच्या शेपटासारखा फॉर्म येतो. त्यात सेक्शन २४ दारूचा. लोक तिथे घाबरतात आणि घाबरून जे करतात त्यानेच केस बिघडते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डीयूआय, म्हणजे पिऊन गाडी चालवल्याची केस, लपवणं. वकिलाने चार्ज रेकलेस ड्रायव्हिंगवर आणला किंवा केस डिसमिस झाली की वाटतं मिटलं. नाही मिटत! फॉर्मवर सरळ लिहिलंय की रेकॉर्ड सील झालं (कोर्टाने बंद केलं), एक्सपंज झालं (पुसून टाकलं), तरी सांगायचं. बाकी पोलीस रेकॉर्ड बहुतेक ७ वर्षांचं विचारतात, पण दारू-ड्रग्जचा चार्ज कधीही लागला असेल तरी लिहावा लागतो, म्हणजे कॉलेजातलं जुनं लफडंसुद्धा. लपवलं की, क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ज्या नियमांवर ठरतं त्यातल्या दारूच्या गाईडलाईन जी सोबत खरेपणाची गाईडलाईन ई पण मागे लागते आणि माझ्या मते त्यातून सुटणं जास्त अवघड. वर मुद्दाम खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

"मी काय रोज पिणारा नाही, मला नाही लागू" हा दुसरा गैरसमज. डॉक्टरने व्यसन आहे असं म्हटलंच पाहिजे असं काही नाही, पिऊन गाडी चालवली, मारामारी केली, बायकोवर हात उचलला, कामावर पिऊन गेलात, एवढंही पुरतं. पण एकच जुनी घटना आणि त्यानंतर सगळं नीट असेल तर तेवढ्यावरून कोणी आपोआप बाद होत नाही, आख्खा माणूस बघतात.

काउन्सेलिंगचं तर आपल्याकडे उलटंच चालतं. रेकॉर्डवर येईल, मंडळात कळेल म्हणून लोक जातच नाहीत, आणि खरं तर २०१७ पासून लागू असलेल्या नियमात उपचार घेणं, पूर्ण करणं, नंतरचं आफ्टरकेअर (उपचारानंतरची देखरेख) पाळणं हे तुमच्या बाजूने मोजलं जातं. घात होतो तो पुढे. डॉक्टरने पूर्ण बंद सांगितलंय आणि हा दिवाळी पार्टीत "एकच पेग" घेतो, निदानानंतर सल्ला मोडून पिणं हा नियमात वेगळा मुद्दा आहे. काउन्सेलरचं पत्र, कोर्स पूर्ण केल्याचा कागद, मीटिंगच्या हजेरीच्या नोंदी जपून ठेवा, नुसतं "आता सोडली हो" कोणी ऐकत नाही.

इंटरव्ह्यूत "वीकेंडला दोन बिअर" आणि क्लिनिकच्या फॉर्मवर रोजचे चार पेग, असं पण करू नका. इन्व्हेस्टिगेटर शेजारी, बॉस, घटस्फोट झाला असेल तर आधीच्या बायकोशीही बोलू शकतो.

क्लिअरन्स मिळाल्यावर निवांत होऊ नका, आता कंटिन्युअस व्हेटिंग, म्हणजे सतत चालू असलेली तपासणी, असतं, अटक झाली किंवा दारूचे उपचार सुरू केले तर स्वतःहून सिक्युरिटी ऑफिसरला सांगायचं.

आणि स्टेटमेंट ऑफ रीझन्स, म्हणजे क्लिअरन्स का नाकारायचा किंवा काढायचा याची कारणं देणारं पत्र, आलंच तर ते ड्रॉवरमध्ये टाकू नका. कॉन्ट्रॅक्टरवाल्यांना लेखी उत्तराला २० दिवस असतात, सुनावणी हवी असेल तर त्या उत्तरातच तसं मागावं लागतं, आणि उत्तरच दिलं नाही तर क्लिअरन्स जातोच, म्हणून पत्र आलं की त्याच आठवड्यात या कामाचा वकील गाठा.