राजेळी केळ्यांचे गोड पदार्थ करताना या चुका टाळा

गणपतीच्या दिवसांत कोकणात आणि गोव्यात अनेक घरांच्या नैवेद्याच्या पानावर राजेळी केळ्यांचा हलवा, गूळखोबरे भरून तुपात परतलेली केळी किंवा केळ्याचे उंबर, म्हणजे केळे, गूळ आणि कणकेचे तळलेले गोळे, असतात. जिन्नस मोजके आणि कृती सोपी असूनही हे पदार्थ वरचेवर बिघडतात, आणि नैवेद्य आधी चाखायचा नसल्यामुळे तो बिघाड पंगत बसल्यावरच लक्षात येतो. यांतील बहुतेक बिघाडांचे मूळ कढईत नसून केळे निवडण्यात आणि ते पुरते पिकू देण्यात असते.

पहिली चूक म्हणजे राजेळीऐवजी घरात असतील ती केळी वापरणे. बसराई किंवा वेलची केळी शिजवली की त्यांचा लगदा होऊन पाणी सुटते. त्यांचा हलवा तासभर आटवूनही वडीसारखा कापता येत नाही आणि भरलेली केळी तर तुपात पडताच फुटतात. राजेळी, म्हणजेच केरळात ज्याला नेंद्रन म्हणतात ते केळे, लांब, जाड सालीचे आणि कडांना ठळक धारा असलेले असते. त्याच्या गरात पिष्ट भरपूर असल्यामुळे ते पिकल्यावरही घट्ट राहते आणि उष्णता सोसते. वसईची सुकेळी याच केळ्यांपासून होतात, यावरून त्यांच्या गराचा कस ध्यानात यावा. शहरात राजेळी मिळत नसतील, तर केरळी जिन्नसांच्या दुकानात नेंद्रन मागावीत. तीही न मिळाल्यास हलव्याचा हट्ट सोडून साध्या केळ्यांचा प्रसादाचा शिरा करणे शहाणपणाचे ठरते. मात्र त्यात केळ्याच्या चकत्या दुधात न घालता, रवा भाजत आला की तुपातच घालून परताव्यात, म्हणजे शिऱ्याला केळ्याचा खमंगपणा येतो आणि चकत्या काळपट पडत नाहीत.

दुसरी चूक सर्वांत जास्त घडते, आणि तिला उपाय फक्त वेळेचा आहे. पिवळे दिसले की राजेळी पिकले असे समजून ते वापरले जाते. साल पिवळी असली तरी आतल्या पिष्टाची साखर पुरती झालेली नसते आणि गराचा तुरटपणाही गेलेला नसतो. तो कितीही साखर घातली तरी जिभेला जाणवतोच. सालीवर काळे डाग पसरून ती जवळजवळ निम्मी काळी झालेली, देठाजवळ किंचित सुरकुतलेली, आणि बोटाने दाबल्यास मऊ परंतु पाणीदार न लागणारी केळी हवीत. असे काळवंडलेले केळे नासले म्हणून टाकून देणारे पुष्कळ आहेत, याचे फार वाईट वाटते, कारण हलव्याला तेच सर्वोत्तम. नासलेल्या केळ्याला आंबूस वास येतो आणि गर तपकिरी व पातळ होतो, एवढी खूण पुरेशी आहे. केळी सणाच्या चार-पाच दिवस आधी आणून कागदात गुंडाळून किंवा तांदळाच्या डब्यात ठेवावीत. फ्रिजमध्ये ठेवल्यास साल काळी पडते, पण आतले पिकणे थांबते, आणि त्या काळ्या रंगाने हमखास फसगत होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यास पावसाळ्याच्या दमटपणात देठाला बुरशी धरते.

हलव्यासाठी कच्चा गर मिक्सरमधून काढणे टाळावे. तो हवेशी संपर्क येताच काळपट होऊ लागतो आणि गुठळ्याही राहतात. केळी सालीसकट दहा-बारा मिनिटे वाफवून घ्यावीत, सोलून उभी चिरावीत, मधली काळसर बियांची शीर सुरीच्या टोकाने काढावी आणि मग गर कुस्करावा. ही शीर राहिली तर तयार हलव्यात बारीक काळे ठिपके दिसतात. अर्धा किलो गराला दोनशे ग्रॅम साखर आणि शंभर ग्रॅम तूप हे प्रमाण पुरते. केळी फार पिकलेली असल्यास साखर आणखी थोडी कमी करावी. साखर सुरुवातीलाच घातली तर ती तळाला करपू लागते आणि गर मात्र तुपात परतला जात नाही. म्हणून थोड्या तुपात गर मंद आचेवर त्याचा रंग बदलेपर्यंत परतावा, मग साखर घालावी आणि उरलेले तूप चमच्याचमच्याने सोडत राहावे. लोखंडी कढई येथे वापरू नये, कारण गरातील तुरट द्रव्यांचा लोखंडाशी संयोग होऊन हलवा काळा पडतो; कल्हईचे पितळी किंवा जाड बुडाचे स्टीलचे पातेले चांगले. गोळा कडा सोडून उलथन्याबरोबर फिरू लागला आणि बाजूंनी तूप सुटले की तो ताटात थापावा. कोमट असताना वड्यांच्या रेघा माराव्यात आणि पूर्ण गार झाल्यावर वड्या सोडवाव्यात. वड्या पडत नसतील तर हलवा पुन्हा पातेल्यात घालून मंद आचेवर आटवावा. उलट तो चिवट झाला असल्यास दोन चमचे गरम दूध शिंपडून झाकणाखाली वाफ द्यावी, पण असा हलवा त्याच दिवशी संपवावा.

भरली केळी फुटतात ती बहुधा चीर दोन्ही टोकांपर्यंत नेल्यामुळे. दोन्हीकडे बोटभर भाग अखंड ठेवावा, आणि गूळखोबऱ्याचे सारण ओलसर न ठेवता कोरडे होईपर्यंत परतून, गार करून मगच भरावे.

उंबरांच्या बाबतीत पाणी घालणे ही मोठी चूक ठरते. कुस्करलेले केळे आणि किसलेला गूळ यांना आपोआप रस सुटतो; त्यात मावेल तेवढीच कणीक आणि चमचाभर तांदळाचे पीठ घालावे. मिश्रण वीस मिनिटांहून जास्त वेळ ठेवल्यास गुळामुळे ते सैल होते, मग आणखी कणीक घालावी लागते आणि उंबर दडस होतात. गूळ व केळे दोन्ही लवकर लाल होत असल्याने तेल कडकडीत नको. आधी एकच उंबर सोडून, गार करून मोडून पाहावे: आत कच्चे पीठ असेल तर आच कमी करावी, तेल पीत असेल तर आच थोडी वाढवून मिश्रणात तांदळाचे पीठ वाढवावे. हे चाचणीचे उंबर नैवेद्यात मांडायचे नसल्यामुळे ते चाखायलाही हरकत नसते, आणि गुळाचा अंदाज तिथेच सुधारता येतो.