बेळगावात नवीन आलात? मॅपवर किती विसंबायचं ते बघा

खोली ठरली की मालकाकडून नुसतं लोकेशन मागून घेऊ नका. गल्ली, जवळचं देऊळ नाहीतर सर्कल आणि पिनकोडही लिहून घ्या. खडे बाजार बेळगावात आहे तसा शहापुरातही आहे. शहापूरचा असेल तर ५९०००३ जोडा. टिळकवाडीत पत्ता रेल्वे गेटवरून सांगतात: पहिलं, दुसरं, तिसरं. कंग्राळी नावाची गावंही दोन, बुद्रुक आणि खुर्द. पाटीवर बी.के., के.एच. एवढंच असतं, बोलतानाही तसंच म्हणतात.

कॅम्पात लष्करी हद्द आहे. मॅपने जवळची वाट दाखवली तरी जवानाने अडवलं की वाद न घालता गाडी वळवायची.

चोर्ला घाटामार्गे गोव्याला जाताना ऑफलाइन नकाशा बेळगावातच उतरवून घ्या. जांबोटी, कणकुंबी सोडून जंगल लागलं की रेंजचा भरवसा नाही. ऑफलाइन नकाशा वाट दाखवतो, पण दरड कोसळून रस्ता बंद झालाय हे त्याला कळत नाही.

खरी फसगत पावसाळ्यात, निपाणी-चिकोडी पट्ट्यात होते. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, कल्लोळ-येडूर हे बंधारेच पूल म्हणून वापरात आहेत. उंची कमी, त्यामुळे घाटात पावसाने जोर धरला की इकडे ऊन असलं तरी पाणी चढतं. मॅपवर मात्र तो रस्ता बारा महिने तसाच. पाणी ओसरल्यावरही गाळ आणि लाकडं अडकलेली असतात, कठडे निघालेले असतात. जून ते सप्टेंबर लांबचा पडला तरी मोठ्या पुलाचा रस्ता धरा. पूर मोठा असेल तर तोही विचारून. ऑगस्ट २०१९ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी येऊन पुणे-बंगळूर महामार्गच बंद झाला होता.

विचारायचं कसं, यालाही महत्त्व आहे. "हा रस्ता जातो का?" म्हटलं की समोरचा "जातोय की" म्हणणारच, कारण रस्ता जातोच. "मामा, बंधाऱ्यावर पाणी आलंय काय? सकाळपास्नं गाडी गेली काय?" असं विचारा. दुचाकी गेली म्हणजे चारचाकी जाईल असं धरू नका, आणि पाणी वाहतं असेल तर कुणी गेलं म्हणून आपणही घालायची नाही. कन्नड बोलणारा भेटला तर "नीर बंदैतेन्री?" (पाणी आलंय काय हो?) एवढं पुरतं. उत्तरात एडगडे आलं तर डावीकडे, बलगडे आलं तर उजवीकडे.