‘लेन्स गेली’ म्हणण्याआधी : जुना सीडी प्लेअर उघडताना या चुका टाळा

माझ्या हातून मेलेला पहिला प्लेअर नाशकातल्या अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून आणलेला होता. सोनीचा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा, आत केएसएस-२४०ए पिकअप, म्हणजे लेझर आणि भिंग असलेला, सीडी वाचणारा भाग. पहिली सहा-सात गाणी झकास वाजवायचा आणि पुढं गेला की अडखळायचा. पिकअपवर एक इवलासा प्रीसेट (लेझरचा करंट कमी-जास्त करणारा स्क्रू) असतो, तो जरा फिरवला की म्हातारं लेझर तरुण होतं, असं कुठंतरी वाचलं होतं. फिरवला. फरक पडला नाही म्हणून आणखी फिरवला. तिसऱ्या वेळी डिस्प्लेवर ‘नो डिस्क’ आलं ते कायमचं.

ते धूड उचलून भद्रकालीतल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी प्रीसेटकडे पाहिलंही नाही. बोटानं गिअर फिरवत पिकअप बाहेरच्या टोकाकडे न्यायला लागले, तर तो अर्ध्या वाटेत रुतला. “हे बघ, ग्रीस वाळून गुळाची ढेप झालीये. घोडा लंगडा, आणि तू टांगेवाल्याला चष्मा लावत बसलास!”

आपल्याकडे सीडी प्लेअरच्या कुठल्याही दुखण्याला एकच नाव आहे, ‘लेन्स गेली’. सीडी घेत नाही, लेन्स गेली. ट्रे उघडत नाही, तरी लेन्सच गेली. या निदानानं जेवढे चांगले प्लेअर भंगारात गेलेत, तेवढे खरोखर लेझर संपून गेले नसतील.

मशीन कुठं थांबतं ते न बघता हात घालणं

झाकण काढून, सीडी घालून आधी नुसतं बघत बसा. ट्रे आत गेला की पिकअप सगळ्यात आतल्या बाजूला सरकतो आणि तिथला एक छोटा स्विच दाबतो. मग लेझर पेटतं आणि भिंग दोन-तीनदा वर-खाली होतं, म्हणजे ते फोकस शोधत असतं. फोकस सापडला तरच बऱ्याचशा मशीनमध्ये चकती वेगात फिरू लागते, सुरुवातीची अनुक्रमणिका वाचली जाते आणि डिस्प्लेवर गाण्यांची संख्या येते. दुखणं या साखळीच्या ज्या कडीला असेल, मशीन तिथंच थांबतं.

पिकअप आत जाऊनही मोटर कुरकुरत राहिली, तर त्या स्विचच्या पत्तीवर काळं चढलेलं असतं. कागदाच्या पट्टीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पत्त्यांमधून ओढा, दोन मिनिटांचं काम आहे. भिंग हललंच नाही तर आधी चपटी केबल बघा. पिकअपबरोबर वर्षानुवर्षं वाकून ती घडीवर तुटते, वरून मात्र धडधाकट दिसते. भिंग हलतंय पण चकती फिरत नाही, तेव्हा भिंगावरचा धुरकट थर किंवा लेझर यांच्याकडे संशयानं बघायचं.

गाणी अडखळत असतील तर कुठली अडखळतात ते लिहून ठेवा. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि तिचा वेग बदलत जातो. आतल्या बाजूला मिनिटाला साधारण ५०० फेरे, बाहेर पोचेपर्यंत २०० च्या आसपास. म्हणून सुरुवातीची गाणी अडकतात आणि शेवटची नीट वाजतात, तेव्हा चकतीची मोटर दमलेली असण्याची शक्यता जास्त. उलटं असेल तर रूळ आणि ग्रीस तपासा. माझ्या सोनीनं हेच ओरडून सांगितलं होतं.

मोटर बदलावी लागली तर जुनी काढण्याआधी तिच्या दांड्यावरच्या, सीडी टेकते त्या बैठकीची उंची मोजून ठेवा. अर्धा मिलिमीटर वरखाली झाली तरी भिंगाला फोकस पकडायला त्रास होतो. ही उंची न मोजल्यामुळं मी एका रविवारी एकच मोटर चार वेळा काढली-बसवली.

प्रीसेट फिरवणं

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार, कारण ती परत फिरवता येत नाही. लेझर डायोडला ठरावीक करंटच्या वर थोडा जरी करंट गेला तरी तो झपाट्यानं म्हातारा होतो. प्रीसेट किती फिरवल्यावर करंट किती वाढेल, हे डोळ्यांना कळत नाही. सोनीच्या जुन्या पिकअपवर बऱ्याचदा छोटं लेबल असतं. त्याचे शेवटचे तीन आकडे म्हणजे कारखान्यात मोजलेला करंट. ५६७ लिहिलं असेल तर ५६.७ मिलिअँपिअर. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कुठल्या रेझिस्टरवर व्होल्टेज मोजायचं ते दिलेलं असतं, त्यावरून चालू करंट काढा. लेबलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाला तर डायोड थकलाय, नवा पिकअप शोधा. लेबलाच्या आसपास असेल तर दुखणं दुसरीकडे आहे, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. कोणाच्या सांगण्यावरून फिरवायचाच असेल तर निदान आधीच्या जागेवर मार्करची रेघ मारा.

लेझर पेटलंय का, हे बघायला भिंगात डोळा घालू नका. ते ७८० नॅनोमीटरचं, जवळजवळ अदृश्य अवरक्त लेझर आहे. मंद लाल ठिपका दिसतो म्हणून ते मंद नसतं. तिरकसपणे मोबाइलचा कॅमेरा धरला तर बहुतेक फोनच्या पडद्यावर फिकट जांभळट उजेड दिसतो, तेवढा पुरावा पुरे.

नवा पिकअप बसवूनही ‘नो डिस्क’ आलं तर घाबरू नका. केएसएस-२१३ सारख्या पिकअपवर स्थिर विजेपासून डायोड वाचवायला सोल्डरचा एक बारीक ठिपका टाकून तो शॉर्ट केलेला येतो. केबल जोडून झाल्यावर तो ठिपका काढायचा असतो. हे माहीत नसल्यानं लोकांनी नवेकोरे पिकअप दुकानात परत केलेले मी पाहिलेत.

चुकीच्या सीडीवर परीक्षा

घरी बर्न केलेल्या सीडीवर ऐंशीच्या दशकातला प्लेअर तपासणं म्हणजे मोतीबिंदू झालेल्या आजोबांना बसची पाटी वाचायला लावणं. सीडी-आरचं परावर्तन छापील सीडीपेक्षा कमी असतं, आणि सीडी-आरडब्ल्यूचं तर त्याच्याही खूप खाली, त्यामुळं जुन्या मशीनना ती दिसतच नाही. एक स्वच्छ, छापील, लांबलचक सीडी फक्त चाचणीसाठी बाजूला ठेवा. गाडीत ठेवलेली नको.

थंडीतली एक गंमत. जानेवारीच्या पहाटे निफाडहून डिकीत घालून आणलेला प्लेअर घरात आल्या आल्या लावला, तर भिंगावर दव धरलेलं असतं आणि काहीच वाचलं जात नाही. तासभर तसाच पडू द्या, आपोआप बरा होतो. पावसाळ्यातही असंच.

साफ करता करता घालवणं

पिकअपचं भिंग बहुतेक प्लॅस्टिकचं असतं. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं पाणी, यातलं काही लागलं तर ते कायमचं दुधाळ होतं. करोनानंतर घरोघरी उरलेलं सॅनिटायझरही नको, त्यात ग्लिसरीन असतं. कानात घालायच्या काडीवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, हात फुलासारखा हलका. भिंग बारीक तारांवर लटकलेलं असतं, दाबलं की तारा वाकल्या.

रुळावरचं जुनं ग्रीस पुसून काढल्याशिवाय नवं लावू नका. आणि ते स्प्रेचं सर्वगुणसंपन्न तेल कृपा करून लांब ठेवा. ते उडून भिंगावर बसतं आणि थोड्या दिवसांत रूळ पुन्हा कोरडा. रुळाच्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात, प्लॅस्टिकच्या गिअरना थोडं सिलिकॉन ग्रीस. फिलिप्सच्या जुन्या सीडीएम-१, सीडीएम-२, सीडीएम-४ यंत्रणांना मात्र रूळच नाही. तिथं पिकअप झोपाळ्यासारख्या हातावर बसून कमानीत फिरतो, आणि त्या हाताच्या बेअरिंगला तेल घालायचं नसतं.

ट्रेच्या पट्ट्याऐवजी भाजीच्या जुडीचं रबर लावणारे महाभाग अजून आहेत. पंधरा दिवस चालतं, मग वितळून पुलीला चिकटतं. आतला घेर मोजून चौकोनी छेदाचा पट्टा मागवा. नाशकात एम. जी. रोडवर मोबाइलचं हवं ते मिळेल, असला पट्टा मिळेलच असं नाही. मी पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबई गाठतो आणि लॅमिंग्टन रोडवर एकदम चार मापांचे घेऊन ठेवतो.

आणल्या आणल्या २३० व्होल्टमध्ये खुपसणं

सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये १ ऑक्टोबर १९८२ ला विक्रीला आला. तेव्हापासूनचे जपानी बाजारासाठीचे कितीतरी सुंदर प्लेअर आज जुन्या मालातून फिरत आपल्याकडे पोचतात. त्यांच्या मागच्या पाटीवर १०० व्होल्ट लिहिलेलं असतं. ती पाटी वाचली नाही तर ट्रान्सफॉर्मरचा वास वाचायला मिळतो. २३० चे १०० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. फ्रिक्वेन्सीची काळजी नको, जपानच्या पूर्व भागात आपल्यासारखेच ५० हर्ट्झ आहेत.

ओळखीशिवाय आलेलं कुठलंही मशीन मी पहिल्यांदा सिरीज बोर्डवरच लावतो, म्हणजे वीज आधी ६० वॉटच्या जुन्या पिवळ्या (तारेच्या) बल्बमधून जाते. एलईडी बल्ब चालत नाही. प्लेअर जेमतेम १५-२० वॉट खातो, त्यामुळं बल्ब क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. लखलखीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर गोदाकाठच्या घरांतून निघालेला एक प्लेअर माझ्याकडे आला होता. बाहेरून धुऊन चकचकीत केलेला, आत ट्रान्सफॉर्मरच्या खाली वाळलेला गाळ. बल्ब ढणढणीत पेटला आणि माझी फेज वाचली.

बिघडलेल्या मशीनवर ‘मॉड’

आता ज्यासाठी बरेच जण या नादाला लागतात ते ‘मॉड’, म्हणजे आवाज सुधारण्यासाठीचे बदल. नवा ऑपअँप (आवाजाचा सिग्नल वाढवणारी चिप), महागडे कपॅसिटर, वेगळा क्लॉक (सर्किटला ठोके देणारा भाग). माझा नियम साधा आहे. महिनाभर विनातक्रार वाजल्याशिवाय त्या मशीनवर सुधारणेसाठी सोल्डरची इस्त्री तापवायची नाही. नाहीतर नंतरचा आवाज दुखण्यामुळं वेगळा आहे की सुधारणेमुळं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एका वेळी एकच बदल, आणि काढलेला भाग डबीत चिठ्ठीसकट.

ऑपअँप बदलताना चिपमध्ये तो एकच आहे की जोडी आहे ते बघा. एनई५५३४ (एकच) आणि एनई५५३२ (जोडी) दोघांना आठच पाय, पण पायांची कामं वेगळी. वेगवान ऑपअँप टाकला की पुरवठ्याच्या पायांलगत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्या, नाहीतर तो आतल्या आत शिट्टी वाजवत तापतो आणि आपण म्हणतो, ‘आवाजात ऊब आली!’ नक्षीदार नावाचे ऑपअँप आणि टीडीए१५४१ए सारख्या बंद झालेल्या डॅक चिप (सीडीवरच्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या) फार स्वस्त मिळाल्या तर त्या बहुतेक नकली, वरचं नाव घासून नवं छापलेल्या.

आउटपुटजवळचे म्यूट ट्रान्झिस्टर काढून टाकले की आवाज ‘मोकळा’ होतो म्हणतात. मला फरक ऐकू आला नाही. चालू-बंद करताना स्पीकरमधून आलेला धाडकन आवाज मात्र शेजारच्यांनाही ऐकू गेला.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलायचेच तर आधी पॉवर सप्लायचे बदला, १०५ अंश तापमान झेलणारे, व्होल्टेज मूळइतकं किंवा वरचं, आणि सगळ्यांचे फोटो काढून मगच. उलटा बसलेला फुटतो. फिलिप्सच्या सीडी१०४ सारख्या मशीनमध्ये कपॅसिटरपेक्षा आधी दुहेरी बोर्डाचे दोन थर जोडणाऱ्या पोकळ रिव्हेटकडे वळा. त्यांच्याभोवतीचं सोल्डर तडकतं आणि मशीन आज चालतं, उद्या नाही. जुनं सोल्डर ओढून घ्या, रिव्हेटमधून वायरचा तुकडा घाला आणि दोन्ही बाजूंनी नव्यानं सोल्डर करा. या एका कामानं मरायला टेकलेली मशीन उठलेली मी पाहिलीत, आणि खर्च सोल्डरच्या वीतभर तारेचा.

सगळं झाल्यावर झाकण लावून रात्रभर रिपीटवर ठेवा. उघडं असताना नीट आणि झाकण लावलं की अडखळणं, हा प्रकार मला निदान पाच मशीनमध्ये भेटला. दोनदा झाकण चपट्या केबलला टेकत होतं, दोनदा गरम झाल्यावर ड्राय (नीट न धरलेलं) सोल्डर उघडत होतं. पाचवा प्लेअर मागच्या बुधवारच्या आठवडे बाजारातला होता. त्याच्या बुडाला वाहतुकीचा लॉक स्क्रू अर्धा आवळलेलाच राहिला होता, आणि झाकण लावायला उलटा केला तेव्हा तो मला दिसला.